दिवाळीनंतरचं शेत

बिरवाडीच्या बाजारात एका मावशींकडून अंडी घेतली होती. पत्र्याचा डबा, डब्यात भाताचं तूस आणि तुसात निगुतीनं पुरलेली गावठी अंडी. मोजली, अठरा भरली. "मावशी, घरी किती ठेवलीत?" मी सहज विचारलं. त्यांना प्रश्नच उमगला नाही. मग हसल्या. म्हणाल्या, "घरी कशाला ठेवू? घरी ठेवली तर खाऊन नाय संपायची?" आलेल्या पैशांतून त्यांनी माझ्यादेखत पाव किलो जवळा घेतला, तेलाची पिशवी घेतली आणि नातवासाठी वेफर्सच्या चार रंगीत पुड्या घेतल्या.

जवळ्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. काट्याकवचासकट खाल्ला जाणारा जवळा गरिबाच्या ताटात प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही आणतो. तेलही लागतंच. पण नातवाच्या वाट्याचं अंडं बाजारात गेलं आणि त्याच्या हातात पुडी आली, हा व्यवहार कुठल्याही प्रकल्पाच्या अहवालात 'महिलेच्या उत्पन्नात वाढ' म्हणूनच नोंदला जाणार. तशी नोंद करणाऱ्यांत मीही काही वर्षं होते, म्हणून हे लिहिताना बोट दुसऱ्या कुणाकडे दाखवत नाही.

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांतल्या लहान शेतकरी कुटुंबांसाठी तयार झालेल्या या पुस्तिकेत परसबाग आहे, कोंबड्या आहेत, वाल आणि नाचणी आहे, शेवटी फळबाग आहे. मजकूर गावातल्या बायकांनी आणि त्यांच्याबरोबर राबणाऱ्या कार्यकर्त्यांनी सांगितलेला. लिहून काढणारे वेगळे. प्रस्तावना मला लिहायला सांगितली ती एका अटीवर: प्रकरणांचा क्रम असा उलटा का, हे मी समजावून सांगावं. शेतीच्या पुस्तकात फळबाग पुढे असते, कारण पैसा तिथे असतो. परसबाग मागे, 'महिलांसाठी' म्हणून दोन पानांत उरकलेली. इथे चुलीपासून सुरुवात करून शेवटी बाजार गाठला आहे.

आधी जागा पाहू. सावित्री महाबळेश्वरच्या माथ्यावर उगम पावते, पोलादपूरच्या दरीतून उतरते, महाडला तिला काळ आणि गांधारी मिळतात आणि बाणकोटच्या खाडीनं ती समुद्राला जाते. या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलैत आंबेनळी घाटातून खाली पाहणाऱ्या पाहुण्याला वाटतं, इथे उपाशी कोण राहणार! त्या पाहुण्यानं जानेवारीत यावं. खाचरात भाताची वाळकी धसकटं, त्यांत मोकाट सोडलेली गुरं, उतारावर पिवळं गवत. मार्च-एप्रिलमध्ये वरच्या वाड्यांतल्या बायका हंडा घेऊन झऱ्यापाशी पाणी साचायची वाट पाहत बसलेल्या दिसतात. कोकणातली जमीन जांभ्याची आणि उताराची. पडलेलं पाणी काही तासांत सावित्रीत आणि दुसऱ्या दिवशी समुद्रात.

म्हणून इथल्या शेतीचं वर्ष दिवाळीला संपतं. मे महिन्यात टहाळ तोडून, पालापाचोळा आणि शेण पसरून राब भाजायचा, मृगात त्यावर पेरायचं, जुलैत आवण उपटून मुठी बांधायच्या, चिखलात लावणी करायची, दसऱ्यापासून कापणी, मग झोडणी. भात कणगीत पडला की पुरुष मुंबईच्या गाडीत बसला. उरलेले सहा-सात महिने जमीन पडून. माझ्या समजुतीप्रमाणे या दोन तालुक्यांतलं दारिद्र्य आणि कुपोषण या दोन्हींची गाठ याच पडून राहिलेल्या महिन्यांत आहे. पावसाळ्यातल्या भाताचं उत्पादन वाढवायला भरपूर माणसं राबली. दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे, कर्जतच्या भात संशोधन केंद्राच्या जाती गावोगाव पोचल्या, चारसूत्री लागवड आली, नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी नांगरणी आणि चिखलणी दोन्ही टाळणारं सगुणा भात तंत्र आणलं. ही सगळी कामं मोलाची. पण भात दीडपट पिकला म्हणून ताटात भाताशेजारी काय पडलं, हा प्रश्न त्यातून सुटत नाही.

पूर्वी पडत होतं. उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरी असायची. बांधावर तूर. भाताच्या ओलीवर वाल, पावटा, हरभरा, मटकी. पहिल्या पावसाला वलगणीचे मासे, खाचरातले मुठे. आषाढ-श्रावणात रानातून टाकळा, कुरडू, भारंगी, फोडशी, शेवळं, कर्टुली. पाऊस सरल्यावर करांदे आणि कणगर उकरून उकडायचे. या खाण्याला कुणी 'पोषण' म्हणत नव्हतं. उलट नाचणीची भाकरी म्हणजे गरिबी, आणि पाहुणा आला की घरात असेल नसेल तो तांदूळ शिजवायचा, अशी आमच्या लहानपणची रीत. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि सडीक तांदळात त्याचा पासंगही नसतो, हे आजीला ठाऊक नव्हतं. भाकरीवर दिवसभर लावणी ओढता येते एवढं ठाऊक होतं.

नाचणी मागे पडली त्याचा दोष कुणा एकाला देता येत नाही. तिची लावणी कष्टाची, मळणी त्याहून कष्टाची, आणि उभं पीक रानडुकरांच्या तोंडी. दुसरीकडे अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी महिन्याला पाच किलो धान्य स्वस्तात आणि २०२३ पासून फुकट मिळू लागलं. ते मिळायलाच हवं होतं. ज्या घरात पावसाळ्याच्या तोंडाला कणगी रिकामी होत असे तिथे या धान्यानं काय केलं हे मी पाहिलं आहे. पण रेशनवर तांदूळ-गहू मिळतो, डाळ नाही आणि भाजी तर नाहीच. पोट भरलं आणि ताट एकरंगी झालं. गंमत म्हणजे त्याच २०२३ साली, आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षाच्या निमित्तानं, आमच्या डोंगरावरची नाचणी मुंबईच्या दुकानांत बिस्किटांच्या खोक्यात बसून भारी भावानं विकली जात होती.

आकडे दोनच देते. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या शंभरातल्या ३५ मुलांची उंची वयाच्या मानानं खुजी निघाली आणि १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. पुढारलेल्या राज्याचे हे आकडे. महाड-पोलादपुरातल्या वाड्यांवर, विशेषतः वीटभट्टीवर सहा महिने काढणाऱ्या कातकरी कुटुंबांत, परिस्थिती याहून बरी असेल असं मानायला काही कारण मला तरी दिसत नाही.

आता पैशाची बाजू. ही गावं शंभर वर्षांहून अधिक काळ मुंबईच्या मनिऑर्डरीवर जगली. खोतीच्या अमलात कुळाच्या हाती फारसं उरत नव्हतं. खोती नष्ट करण्याचं विधेयक डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात १९३७ साली मांडलं, कायदा व्हायला १९४९ उजाडलं. तोवर घरटी एक माणूस गिरणीत चिकटला होता. गावकीच्या खोलीत वळकटी ठेवायची, पाळीनं झोपायचं, गणपती-शिमग्याला गावी यायचं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि ही मनिऑर्डर आटली. पुढची पिढी कुरिअर, वॉचमन, रिक्षा अशी पांगली. खोली नालासोपारा नि दिव्याला सरकली. मुंबईहून येणारा पैसा आता मुंबईतच संपतो. गावात राहिल्या त्या बायका आणि म्हातारी माणसं. नाते गाव पाहा. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १८९६ साली इथला. नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झालेले मोहन धारियाही याच गावचे. देशाच्या तिजोरीला आणि देशाच्या नियोजनाला माणसं पुरवणाऱ्या या मुलखात घरखर्चाचं नियोजन आजही तुसातल्या अंड्यांवर चालतं.

तर मग दिवाळीनंतर काय करायचं? पुस्तिकेचं पहिलं उत्तर आहे वाल. भात कापल्या कापल्या, खाचरात ओल असतानाच वाल टाकायचा. त्याला पाणी द्यावं लागत नाही. जमिनीतली ओल आणि थंडीतलं दहिवर पुरतं. माघ-फाल्गुनात दाणा हाती येतो आणि मुळांवरच्या गाठींमुळे पुढच्या भाताला नत्रही ठेवून जातो. कडव्या वालाचं बिरडं रायगड जिल्ह्यातल्या माणसाला लग्नाच्या पंगतीतही चालतं आणि मुंबईतले चाकरमानी गावच्या वालाला मागतील तो भाव देतात. घरी खायला डाळ, विकायलाही डाळ, खर्च बियाण्याचा. इतकं सरळ असून वालाची खाचरं कमी का झाली? दोन शब्दांत सांगायचं तर उनाड गुरं. कापणी झाली की गुरं सोडायची, ही जुनी वहिवाट. सगळं गाव वाल पेरत होतं तोवर गुराखी होता, राखण होती. आता चार घरंच वाल पेरतात आणि गावाची गुरं त्यांच्या खाचरांत शिरतात. बियाणं वाटून हे सुटत नाही. हा निर्णय गावकीचा, आणि कोकणातल्या गावकीचं अर्धं अंग मुंबई मंडळात. जिथे गणपतीच्या बैठकीत 'शिमग्यापर्यंत गुरं बांधून' असं ठरलं तिथे दुसरं पीक उभं राहिलं. एका गावात आम्ही उत्तम वाण घरोघर पोचवलं आणि गुरांचा विषय काढायला विसरलो. पीक गुडघ्याएवढं झालं होतं. एका रात्रीत गुरांनी ते साफ केलं आणि सकाळी बायका आमच्याकडे नुसत्या पाहत राहिल्या. तेव्हापासून मी बियाण्याच्या आधी कुंपणाचं विचारते.

वानर आणि माकडं हा वेगळा ताप. गुरं बांधता येतात, माकडं कुणाच्या ठरावाला बांधील नाहीत. त्यावर खात्रीचा उपाय या पुस्तिकेत नाही आणि तसा दावाही नाही. माकड ज्याला तोंड लावत नाही ते लावा, एवढं त्यात म्हटलं आहे: हळद, सुरण, अळू. परसातल्या चार वाफ्यांतली हळद घरच्या डब्यात जाऊन वर विकायला उरते.

दुसरं उत्तर पाण्याचं, आणि इथे मोठ्या धरणाची गोष्ट नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ओढा वाहता असतानाच सिमेंटच्या रिकाम्या गोण्या माती-वाळूनं भरून आडव्या रचायच्या. धारियांनी काढलेल्या वनराई संस्थेमुळे या कच्च्या बांधाला राज्यभर 'वनराई बंधारा' असंच नाव पडलं. त्यात पाणी राहतं ते काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने. पण मुळा, माठ, मेथी, चवळी यांना तेवढंच लागतं. त्याहून लहान साठा प्रत्येक घरात आहे: मोरीचं पाणी. पाच माणसांच्या घरात आंघोळीचं आणि भांडी विसळल्याचं पाणी रोज दारामागे चिखल करतं, डास करतं. तेच नळीनं किंवा साध्या चरानं वाफ्यात नेलं की एप्रिलपर्यंत दहा-बारा वेल आणि दोन शेवगे जगतात. साबणाच्या पाण्यावर केळ आणि अळू चांगलं येतं. पालेभाजीला मात्र भांड्यांचंच पाणी द्या, असं पोलादपूरकडच्या एका वहिनींनी सांगितलं ते तसंच छापलं आहे.

पाण्याबद्दल बोलताना महाडमध्ये एक गोष्ट विसरता येत नाही. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर जे घडलं ते पाणी किती आहे यावरून घडलं नव्हतं. पाणी तुडुंब होतं. ते कुणी घ्यायचं याचा तो लढा होता, आणि न्यायालयातून त्याचा निकाल लागायला १९३७ साल उजाडलं. आजही बंधारा कुणाच्या शेतालगत बांधायचा आणि पाइप कुठल्या वाडीपर्यंत न्यायचा, हे ठरवताना गावाच्या कडेची वस्ती शेवटी येते. बौद्धवाडी आणि कातकरवाडी पहिल्या आखणीत धरली नाही तर नंतर ती धरली जात नाही, हा माझा अनुभव आहे.

आता कोंबड्या. पुस्तिकेतलं हे प्रकरण सगळ्यात जास्त वेळा वाचलं जाईल असा माझा अंदाज आहे, म्हणून थोडं सविस्तर. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते. पाच कोंबड्यांची तीनशे धरली आणि एकही विकलं नाही, तरी पाच माणसांच्या घरात माणशी आठवड्याला एकाच्या थोडं वर पडतं. त्यातली काही खुडूक कोंबडीखाली बसवायची, कारण पैसा अंड्यात नाही, पिल्लात आहे. वाढलेला कोंबडा शिमग्याला आणि देवाच्या जत्रेला चांगला पैसा देतो. पण उबवलेल्या दहा पिल्लांतली निम्मीही मोठी होत नाहीत. पहिले तीन आठवडे मुंगूस, घार, कावळा, मग मानमोडीचा रोग. मुंगसाला उपाय खुराडं: जमिनीपासून दीड-दोन हात उंच, खाली बांबूच्या पट्ट्या, पिल्लं तीन आठवडे झाकणाखाली. मानमोडीला लस आहे. लासोटा नावाची, सातव्या दिवशी डोळ्यात एक थेंब. लस महाग नाही. अडचण वेगळीच आहे. एका कुपीत शंभर पिल्लांची लस असते, ती बर्फातून आणावी लागते आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. ज्या बाईकडे आठ पिल्लं आहेत ती बर्फ घेऊन पोलादपूरला जाणार नाही आणि डॉक्टर आठ पिल्लांसाठी डोंगर चढणार नाहीत. मग मानमोडी येते आणि वाडीच्या वाडी रिकामी करून जाते.

यावर एका वाडीनं काढलेला तोडगा पाहा. दहा-बारा घरांनी ठरवलं की अंडी एकाच आठवड्यात खुडूक कोंबड्यांखाली बसवायची. पिल्लं एकाच आठवड्यात निघाली. सातव्या दिवशी एकीनं थर्मासमध्ये बर्फ घालून कुपी आणली आणि सकाळच्या चहाच्या आत ऐंशी पिल्लांच्या डोळ्यात थेंब पडले. शास्त्र जुनंच. पण कोंबड्यांचं पंचांग जुळवायचं कुणाला सुचलं नव्हतं, ते त्यांना सुचलं. गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोलकर 'प्रयोग परिवार' चालवत तेव्हा असल्याच गोष्टींना ते प्रयोग म्हणत.

कोंबडी आणि परसबाग पुढे घेण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते कृषी कार्यालयात मिळणाऱ्या पत्रकावर छापलेलं नसतं. या दोन्हींना सातबारा लागत नाही. कोकणातला सातबारा ज्यांनी पाहिला नाही त्यांना हे कळणार नाही. क्षेत्र ०.१२.३०, म्हणजे सव्वाबारा गुंठ्यांच्या आत-बाहेर. त्यावर एकवीस नावं. आजोबा, त्यांचे चार मुलगे, त्यांचे वारस, दोघे मयत, एकाचा पत्ता डोंबिवली, एकाचा ठाऊक नाही. बहिणींची नावं कुठे आहेत, कुठे 'इतर हक्क' या रकान्यात. जमीन कसते ती सून; तिचं नाव कशातच नाही. फळबागेचं अनुदान हवं तर सहहिस्सेदारांची संमतीपत्रं आणा. ती आणायला तीन वेळा मुंबई करावी लागते आणि तिसऱ्या खेपेला दीर म्हणतो, झाडं लावून जमीन बळकावताय काय? १९९० च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून हजारो बायकांची नावं सातबाऱ्यावर आणली. ती लाट घाटावर होती. कोकणच्या सामाईक सातबाऱ्यात शिरायला तिला वाटच नव्हती. महसूल खात्यानं वारसनोंदी आणि वाटण्या गावात येऊन निकाली काढल्या तर एका फटक्यात जेवढी शेती उभी राहील तेवढी दहा योजनांनी राहणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

फळबागेला माझा विरोध आहे असा अर्थ कुणी काढू नये. रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेनं १९९० पासून कोकणाचे डोंगर आंबा-काजूनं झाकले. इकडच्या धुक्याच्या, जास्त पावसाच्या भागात किनाऱ्यासारखा हापूस होत नाही, पण वेंगुर्ल्याच्या काजूची कलमं तग धरतात. स्वदेस फाउंडेशनसारख्या संस्थांनी रायगडच्या या तालुक्यांत पाण्याच्या योजना, संडास, फळबागा, शेळ्या असं बरंच काम उभं केलं आहे. 'उमेद'च्या बचतगटांमुळे बाईच्या हाती स्वतःचं पासबुक आलं. पण काजू पैसे द्यायला चार-पाच वर्षं घेतो. तेवढ्यात घरातलं मूल सहा वर्षांचं होऊन शाळेत जातं आणि त्याच्या वाढीची पहिली, परत न येणारी वर्षं निघून गेलेली असतात. वाफ्यातला माठ एकविसाव्या दिवशी कापायला येतो. शेळ्यांचंही थोडं तसंच. एका योजनेत उस्मानाबादी शेळ्या वाटताना मी हजर होते. जात चांगली, पण ती कोरड्या हवेची. आमच्या आषाढात त्या खोकू लागल्या आणि निम्म्या गोकुळाष्टमीपर्यंत राहिल्या नाहीत. कर्ज मात्र राहिलं. कोकण कन्याळ नावाची याच हवेतली जात विद्यापीठानं पुढे आणलेली होती. आम्ही विचारलंच नाही.

पूर आणि दरडींचा उल्लेख केल्याशिवाय इथल्या शेतीबद्दल लिहिता येत नाही. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते. २२ जुलै २०२१ ला तळीये, जिथे ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूरला केवनाळे आणि सुतारवाडी. जी माणसं वाचली त्यांच्या खाचरांत दगडगोटे आणि गाळ येऊन पडला. अशा वेळी मदतीत तांदूळ, डाळ, चादरी येतात, यायलाच हव्यात. मूठभर वालाचं, नाचणीचं, भोपळ्याचं बियाणं क्वचित येतं. घराघरातला बियाण्याचा मडक्यांतला साठा एकाच ठिकाणी असतो आणि तो घराबरोबर जातो. म्हणून बियाणं दोन वाड्यांत वाटून ठेवण्याची सूचना या पुस्तिकेत आहे. ती वाचताना किरकोळ वाटेल.

एक कबुलीही द्यायला हवी. परसबाग आणि कोंबड्यांनी मुलं धष्टपुष्ट होतात असा शब्द कुणी देऊ नये. बांगलादेशात हेलन केलर इंटरनॅशनल ही संस्था कित्येक वर्षं हेच काम करते आहे. अशा प्रयत्नांचा जगभरचा अनुभव असा की भाज्या आणि अंडी खाण्यात नक्की वाढ होते, उंची-वजनात तेवढी हमखास दिसत नाही. जुलाब, जंत, घाण पाणी, आईचं लहान वयातलं बाळंतपण यांचा वाटा वाफ्यानं भरून निघत नाही. आणि जिथे भाजी विकायची की शिजवायची हे बाई ठरवते तिथे फरक जास्त पडतो. आपल्याकडे तर तिच्या ताटाचाच प्रश्न आहे. सगळ्यांचं झाल्यावर ती बसते. बिरड्यातल्या डाळिंब्या संपलेल्या, रस्सा उरलेला. तिच्या अंगात रक्त नाही याचं कारण शोधायला प्रयोगशाळेत जावं लागत नाही, रात्री साडेनऊला तिच्या स्वयंपाकघरात जावं लागतं. एका वाडीत बायकांनी फक्त एवढंच केलं: स्वयंपाक झाला की पहिली वाटी आपली काढून झाकून ठेवायची. सासूबाई आठ दिवस रुसल्या, नवव्या दिवशी त्यांनी स्वतःची वाटी काढायला सांगितली.

बाजार लांब नाही. मुंबई-गोवा महामार्ग दोन्ही तालुक्यांच्या पोटातून जातो. रायगडावर वर्षभर माणसं चढतात, ६ जूनला तर रीघ लागते. महाबळेश्वरच्या गाड्या पोलादपूरला थांबतात. २० मार्चला महाडात लाखोंचा समुदाय असतो. नाचणीची भाकरी, वालाचं बिरडं, उकडलेले करांदे, परसातली ओली हळद यांना गिऱ्हाईक आहे आणि गडाच्या पायथ्याशी पाचाडच्या बायकांना ते आपल्यापेक्षा जास्त कळतं. विकण्याबद्दल शेवटच्या प्रकरणात पुरेसं लिहिलं आहे. त्यावर मी वेगळं काही सांगत नाही.

पुस्तिकेच्या मागे बारा पानं रेघा मारून कोरी ठेवली आहेत, महिन्याला एक. प्रत्येक पानावर दोन रकाने आहेत. पहिला 'घरी खाल्लं', दुसरा 'विकलं'. अंडी, भाजी, वाल, जे निघेल ते रोज संध्याकाळी लिहायचं. लिहिता येत नसेल तर पोरांकडून लिहून घ्यायचं, नाहीतर रेघा ओढायच्या. पहिला रकाना सलग आठ दिवस कोरा राहिला तर नवव्या दिवशीची अंडी बाजारात नेऊ नका. पान भरलं की बचतगटाच्या बैठकीला घेऊन या.